उत्तर आलं होतं

एका शनिवारी दुपारी, वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपच्या माळ्यावर, कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'क' उमटला. मग 'ळ'. मग 'वा'. कळवा. मी तिथे होतो. जना नाखवा तिथे होता. त्या दिवसापासून सगळं बदललं.

इथपर्यंतची गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. पुढची कोणालाच नाही. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरी सांगायला कोणी नव्हतं हे खरं — पण असतं तरी सांगितलं असतं का? नसतं. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात. सावकाश सांगेन. घाई केली तर मी भलत्याच ठिकाणी थांबेन, अशी मला भीती वाटते. तशी सवय आहे मला.

आधी जना कोण, ते.

मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लायब्ररीत एक कॉम्प्युटर होता, त्याला एक स्टॅबिलायझर होता, आणि तो स्टॅबिलायझर वर्षातून दोनदा तरी बंद पडायचा. असाच एकदा तो बंद पडला आणि दुरुस्तीला एक माणूस आला. रुंद खांदे, पायात स्लिपर, शर्टाच्या खिशाला तीन स्क्रूड्रायव्हर. ठाण्याच्या कोळीवाड्यातला. वडील खाडीत जाळं टाकायचे. हा आयटीआय करून मशीनची कंट्रोल पॅनल दुरुस्त करायचा. स्टॅबिलायझर दहा मिनिटांत चालू झाला. तरी हा जाईना. माझ्या टेबलावर एक कॉम्प्युटरचं मासिक पडलं होतं आणि त्याच्या पाठीला एक सीडी चिकटवलेली होती. तिचं पाकीट कोणी फाडलंसुद्धा नव्हतं.

"मास्तर, ह्याच्यात लिनक्स हाय," तो म्हणाला.

मी मास्तर नव्हतो. पण चष्मा आणि मागची कपाटं बघून त्याने ठरवून टाकलं होतं, आणि शेवटपर्यंत ते बदललं नाही.

"म्हणजे काय?"

"फुकट हाय. आन् मागचं झाकण उघडं हाय."

मला कळलं नाही. त्याने समजावलं. विकतचे प्रोग्राम बंद डब्यासारखे येतात. आत काय लिहिलंय ते दिसत नाही. हे लोक मात्र आतलं सगळं लिखाण सोबतच देतात — वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या मशीनची मागची झाकणं उघडण्यात घालवला, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल? मी त्याचा चेहरा बघत होतो. जत्रेत पाळण्यात बसलेल्या माणसाचा असतो तसा होता.

"झाकण उघडलं की वॉरंटी गेली म्हणतात ना? ह्याला वॉरंटीच नाय, मास्तर! काय जाणार?"

सीडी बाहेर द्यायची नाही असा लायब्ररीचा नियम होता. मी ती त्याला दिली.

महिन्याभराने वर्कशॉपमधून त्याचा फोन आला. मालकाचा एक जुना कॉम्प्युटर त्याने माळ्यावर चढवला होता आणि त्यात कॉम्प्युटर चालवणारी ती लिनक्स प्रणाली चालू केली होती. त्यात लिहिण्यासाठी एक एडिटर होता, फार चांगला. जगभरातल्या लोकांनी त्यात आपापल्या भाषेसाठी काही ना काही जोडलं होतं. मराठीचं काही नव्हतं. "सगळी आलेत पंगतीला, आपलाच पाट रिकामा," तो म्हणाला. "तुमी अक्षरं सांगा, मी बसवतो."

असं ते सुरू झालं. आम्ही त्याला 'जोड' म्हणायचो. मूळ एडिटरला मागून जोडायची म्हणून जोड.

तुम्ही कधी अक्षर चौकटीत बसवलं आहे? एका अक्षराला आठ चौकोन रुंद आणि सोळा चौकोन उंच एवढीच जागा. इंग्रजी 'आय' त्यात आरामात पाय पसरून बसतो. आपला 'क' बसतच नाही — त्याला दोन घरं लागतात. मी शाळेच्या आलेखवहीचे कागद आणले. एकेक अक्षर पेन्सिलीने चौकोन काळे करून काढायचं, मग जना त्याचे आकडे करून मशीनला द्यायचा. शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असायचं. मी डोंबिवलीहून ठाण्याला यायचो, वागळेपर्यंत बस, आणि मग लोखंडी शिडी चढून माळ्यावर. खाली लेथ मशीन घुरघुरायची. वर आम्ही दोघं 'ज्ञ'च्या पोटात एक चौकोन जास्त आहे की कमी यावर भांडायचो.

एकदा जनाची बायको, हिरावहिनी, बाजारातून मासळीची पाटी रिकामी करून परस्पर तिकडेच आली. आलेखाचे कागद बघून तिने कंबरेवर हात ठेवले.

"आगं बाय! दोन बापे बसून भरतकाम करतान! रुमाल कवा होणार?"

"हसू नको," जना म्हणाला. "ह्यो 'क्ष' हाय."

"मना तं बगला वाटतो. एक पाय वर केलेला."

आम्ही पुन्हा पाहिलं. बगळाच होता. तो 'क्ष' आम्ही खोडून नव्याने काढला.

'र'ने तर आम्हाला दीड महिना नाचवलं. तो एका रूपात राहतच नाही. कधी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, कधी मागच्याच्या पायाशी, कधी आडवा. जना म्हणायचा, "हा र म्हणजे लग्नातला मामा. कुठं बी बसंल, आन् जिथं बसंल तिथं त्याच्यासाठी सगल्यांनी सरकायचं." मशीनला एकूण पाचशे बारा आकृत्या ठेवता यायच्या. निम्मी जागा इंग्रजीने आणि चिन्हांनी आधीच धरलेली. उरलेल्या जागेत कोणती जोडाक्षरं ठेवायची आणि कोणती सोडायची, याची यादी मी केली. ती वही अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. 'वाङ्मय' लिहिता आलंच पाहिजे, असा माझा हट्ट. "ते कोण लिवणार?" जना विचारायचा. "मी," असं मी सांगायचो. त्याने ते बसवलं. माझ्या एकट्यासाठी बसवलं.

मग तो शनिवार आला. मी वर सांगितला तो. 'कळवा' हा शब्द जनाने का निवडला? त्याची बहीण कळव्यात दिली होती, आणि त्यात जोडाक्षर नव्हतं. "पयल्यांदा सोप्पी बोट पाण्यात घालायची," तो म्हणाला. शब्द उमटला तेव्हा त्याने एवढ्या जोरात टाळी वाजवली की खालून कोणीतरी ओरडलं, "ए जना, शॉक लागला का रे?" मी चाळीस वर्षांचा होतो आणि त्या माळ्यावर, वाकून, कारण छत खाली होतं, चक्क नाचलो. मी. तुम्ही मला ओळखत असतात तर तुमचा विश्वास बसला नसता.

आता मला वाटप सांगायला हवं. कारण माझा गुन्हा वाटपातच आहे.

जोड तयार करणं ही अर्धी गोष्ट. ती दुसऱ्याच्या मशीनवर चालवणं ही दुसरी, आणि ती पहिल्याहून अवघड. जोड फ्लॉपीवर न्यायची. ती एका फ्लॉपीत मावत नव्हती, तिचे तीन तुकडे करावे लागायचे, आणि तिसरी फ्लॉपी हटकून खराब निघायची. नेली तरी तशीच चालायची नाही. त्या त्या मशीनवर मूळ एडिटरच्या लिखाणासोबत तिची नव्याने बांधणी करावी लागे. पाऊण तास पडद्यावरून ओळी धावत राहायच्या, आणि आपण देवघरात बसल्यासारखं गप्प बसायचं. शेवटी एक चूक. अमुक फाईल सापडत नाही. मग पुन्हा. कोणाकडे एडिटरची जुनी आवृत्ती, कोणाकडे नवी. एडिटर बनवणारे लोक दर काही महिन्यांनी नवीन आवृत्ती काढायचे, आतली रचना बदलायचे, आणि आमची जोड तुटायची. जना कामावरून सुटल्यावर माळ्यावर चढायचा आणि ती पुन्हा सांधायचा. एका वेळी आमच्याकडे पाच आवृत्त्यांसाठी पाच वेगवेगळ्या 'जोड' होत्या, पाच रंगांची लेबलं लावलेल्या.

वाटायला मी जायचो. जनाला रविवारीही बऱ्याचदा वर्कशॉपला जावं लागे. आणि लोकांशी बोलायला मी बरा, असं त्याचं मत. कल्याणात एक लग्नपत्रिकांचा छापखाना. कळव्यात एक शाळा, तिथल्या बाई प्रश्नपत्रिका टाइप करायच्या. खडवलीला नदीजवळ एका संस्थेचं कार्यालय — स्टेशनवरून पायी जायचं, फ्लॉपींचा डबा उन्हाने तापू नये म्हणून ओल्या पंच्यात गुंडाळून, पंच्याच्या आत प्लास्टिक. छापखान्याच्या मालकांनी पहिली मराठी ओळ पडद्यावर पाहिली आणि गल्ल्यावरचा गणपती उचलून कॉम्प्युटरवर ठेवला. कळव्याच्या बाई रडल्या. खरंच. त्यांनी वीस वर्षं स्टेन्सिल कापले होते.

आणि मी? लायब्ररीत माझ्याशी वर्षानुवर्षं कोणी दोन वाक्यांपलीकडे बोललं नव्हतं. पुस्तक आहे का, नाही, केव्हा येईल — एवढंच. आता रविवारी मी कुठल्याही दारात उभा राहिलो की आतून आवाज यायचा, "सर आले!" खुर्ची पुसली जायची. पोहे यायचे. माझ्या मागे पाच-सहा जण उभे राहून मी कोणती कळ दाबतो ते बघायचे. छापखान्याचे मालक एकदा कोणाला तरी म्हणाले, "हे सर. यांनी बनवलंय." मी जना नाखवाचं नाव सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बांधणी पूर्ण झाली, सगळे पडद्याकडे वळले आणि ते राहून गेलं. दुसऱ्या वेळी सांगायचं तर पहिल्या वेळी का नाही सांगितलं, असं झालं असतं. तिसऱ्या वेळी मी तोंडही उघडलं नाही.

हा कबुलीजबाब एवढाच असता तर बरं झालं असतं. तो एवढा नाही.

जना थकत चालला होता. डोळे लाल असायचे. एका शनिवारी त्याने मला पडद्यावर एक फाईल दाखवली. एडिटरच्या लिखाणात ती नेहमी असे: ज्यांनी ज्यांनी काही जोडलं त्यांची नावं. लांबलचक यादी. कुठल्या कुठल्या देशांची नावं, काही तर उच्चारता न येणारी. तो बोटाने एकेक ओळ खाली सरकत होता. मग 'एम'च्या आणि 'ओ'च्या मध्ये, 'एन'पाशी, त्याचं बोट थांबलं.

"इथं एक नाखवा बसवायचा, मास्तर."

त्यात फुशारकी नव्हती. त्याचा हिशेब सरळ होता. त्या लोकांची रीत अशी: तुमची जोड चांगली असेल तर एडिटर सांभाळणाऱ्या माणसाला पाठवा. त्याने ती मुळात घेतली तर ती एडिटरसोबतच जगभर जाणार. फ्लॉपी नाही, बांधणी नाही, दर आवृत्तीला सांधणं नाही. ज्याच्याकडे एडिटर त्याच्याकडे मराठी. जनाची दोन वर्षांची संध्याकाळची मजुरी संपणार. आणि त्या यादीत एक ओळ.

पत्र मी लिहिलं. इंग्रजी माझं. कॉलेजात तोवर ई-मेल आलं होतं, मोडेम लायब्ररीतच होता आणि त्याचा पासवर्ड माझ्याकडे. त्या पत्रासाठी आम्ही तीन शनिवार घालवले. जना विचारायचा, "'र'चं लिवलं का? सगल्यात हुशारी तिथंच हाय." लिहिलं होतं. मी ते सोमवारी पाठवलं. आमची पद्धत ठरलेली होती: जे पत्र येईल ते मी डॉट मॅट्रिक्सवर छापायचं, शनिवारी वर न्यायचं आणि मोठ्याने मराठीत वाचून दाखवायचं. जनाला इंग्रजी लिखाण मशीनचं कळायचं, माणसांचं कळायचं नाही.

तो रोज दुपारी फोन करायचा. मागे लेथचा आवाज.

"आली का चिट्ठी?"

"नाही अजून."

"येईल. तिकडं थंडी हाय, सावकाश उठतात."

तेव्हा मी खरं बोलत होतो. आलं नव्हतंच.

पाचव्या आठवड्यात उत्तर आलं.

मला ते तोंडपाठ आहे. एडिटर सांभाळणारा गृहस्थ कुठल्यातरी उत्तरेकडच्या देशातला, त्याने तीन परिच्छेद लिहिले होते. जोड त्याने स्वतः बांधून पाहिली. अक्षरं वाचता येत नाहीत, पण रचना सुंदर आहे, विशेषतः एका अक्षराच्या जागा ठरवण्याचा भाग. दोन किरकोळ दुरुस्त्या. आणि लेखकाने सोबतचा कागद छापून, त्यावर सही करून टपालाने पाठवावा, की हे काम माझं आहे आणि ते द्यायला माझी हरकत नाही. यादीत नाव कसं लिहायचं तेही कळवावं. पुढच्या आवृत्तीत जाईल.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. हे मला सांगायलाच हवं — माझी पहिली भावना आनंदाचीच होती. मी ते छापलं. कागदाच्या दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या फाडल्या. ठाण्याला फोन लावायला हात पुढे केला.

आणि मग मला रविवार दिसला.

दुसरं काही दिसलं नाही. भीती नाही, द्वेष नाही. फक्त एक रविवार, ज्यात कळव्याच्या बाईंना माझी गरज नाही. छापखान्यात एडिटर आपोआप मराठी लिहितो आहे. खडवलीची पायवाट आहे आणि तिच्यावर मी नाही. मी लायब्ररीत बसलो आहे, आणि कोणीतरी विचारतं आहे, पुस्तक आहे का, केव्हा येईल.

मी हात मागे घेतला. म्हटलं, उद्या सांगू. एक रविवार जाऊ दे. एका रविवारने काय होतं?

तासाभराने फोन वाजला.

"आली का चिट्ठी?"

"नाही," मी म्हणालो.

एक शब्द. त्याआधीच्या पाच आठवड्यांतला 'नाही' आणि हा 'नाही' यांत आवाजाचा काही फरक नव्हता. मी स्वतः ऐकला, म्हणून सांगतो.

थांबायला मला जागा होती. पुष्कळ जागा होत्या. महिन्याने त्या गृहस्थाचं दुसरं पत्र आलं: कागद मिळाला नाही, लेखकाचा काही प्रश्न आहे का? तेव्हा मी काय केलं? गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी गप्प बसलो नाही. मी बसून, शब्दकोश बाजूला घेऊन, अतिशय नेटक्या इंग्रजीत लिहिलं की लेखकाने विचार केला आहे आणि त्यांची इच्छा ही जोड वेगळीच ठेवण्याची आहे. आभार मानले. खाली, लेखकाचं म्हणून, जनार्दन नाखवा असं नाव घातलं. जनाचं नाव मी त्या माणसाला कळवलं ते असं.

त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. वाईट वाटलं, पण आपल्या निर्णयाचा आदर आहे. मन बदललं तर जरूर लिहा.

ते मी छापलं नाही.

पुढे दीड वर्ष जना दर आवृत्तीला जोड सांधत राहिला. मी दर रविवारी ती वाटत राहिलो. फोन रोजचा आठवड्याचा झाला, मग महिन्याचा. "त्यांना शेकड्यांनी पत्रं येतात," असं मी सांगायचो. तो हो म्हणायचा. त्याला त्या दीड वर्षात चष्मा लागला. हिरावहिनी म्हणायची, "मास्तर, ह्याला घरी पाठवीत जा. पोरीला बापाचा चेहरा फक्त जेवताना दिसतो." मी हसायचो. तुम्हाला वाटेल, मला झोप लागत नसेल. लागायची. रविवारी तर फार छान लागायची. हेच मला अजून समजत नाही आणि समजून घ्यायचा अधिकारही आता वाटत नाही.

मग एक दिवस तो लायब्ररीत आला. न कळवता, कामाच्या कपड्यांत. हातात मासिकाची नवी सीडी.

"मास्तर, नवी आवृत्ती बघितली? त्यांनी देवनागरी घेतलीय. आपली नाय. दुसऱ्या कोणाची."

त्याने माझ्याच कॉम्प्युटरवर ते चालू केलं आणि आतलं लिखाण उघडलं. बराच वेळ वाचत होता, ओठ हलवत. मला वाटलं, आता तो विचारेल. त्याने वळून बघितलं तेव्हा त्याचा चेहरा — खरं सांगतो — उत्साहाचा होता.

"चांगलं काम हाय! सोपं केलंय, आपल्यापेक्षा सोपं. पण 'र' चुकलाय, बघा. मामाला भलत्या पाटावर बसवलाय. आपला बरोबर हाय. त्यांना कळवू या. आपला 'र' घ्या म्हणावं, फुकट घ्या. नाव नको."

नाव नको, तो म्हणाला.

कळवायचं म्हणजे त्या गृहस्थाला लिहायचं. त्या गृहस्थाकडे जनार्दन नाखवांचा नकार होता. त्याने परत उत्तर लिहिलं असतं, आणि जनाने या वेळी ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतलं असतं तर?

"आपलं कोण ऐकतंय, जना," मी म्हणालो. "एवढी वर्षं ऐकलं का?"

त्याने सीडी पाकिटात घातली. माझा आवाज कसा आला असेल कोण जाणे, पण त्याला वाटलं की मला लागलंय. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमी मनाला लावून घेऊ नका, मास्तर. तुमचं इंग्रजी काय वाईट नव्हतं. माझंच काम कच्चं आसंल. ती मोठी माणसं, त्यांना लगेच दिसतं."

त्याचं काम कच्चं नव्हतं. ते सुंदर होतं, आणि तसं लिहिलेला कागद त्या क्षणी त्याच्यापासून दोन हातांवर, माझ्या खणात होता. मला फक्त खण उघडायचा होता. मी त्याला चहा घेणार का, विचारलं.

त्यानंतर जनाने माळ्यावरचा कॉम्प्युटर मालकाला परत केला. पुन्हा कधी एक ओळ लिहिली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "केलं होतं थोडं. जमलं नाय." पॅनल दुरुस्त करत राहिला, मुलीचं लग्न केलं, नातू खेळवले. आमची मैत्री टिकली. गणपतीला मी त्यांच्याकडे, दिवाळीला तो माझ्याकडे. वीस वर्षांहून जास्त. एवढ्या वर्षांत एकही दिवस असा नव्हता का, की मी त्याला सांगू शकलो असतो? होते. सगळेच होते.

मागच्या वर्षी तो गेला. फुफ्फुसाचं दुखणं होतं, सहा महिने चाललं. शेवटच्या आठवड्यात मी रोज जायचो. एका दुपारी तो उशीला टेकून बसला होता, खिडकीतून खाडीचा वारा येत होता, आणि नातू मोबाइलवर मराठीत काहीतरी लिहीत होता, भराभर, बोटाने. जना ते बघत राहिला आणि मला म्हणाला, "कसलं भारी ना, मास्तर!" त्याला दम लागत होता, तरी डोळे तसेच होते, पहिल्या दिवशी सीडीकडे बघतानाचे. मी हो म्हणालो. सांगायचं ठरवून गेलो होतो. हो म्हणालो आणि परत आलो.

तेराव्याला हिरावहिनीने सगळ्यांसमोर माझ्याकडे हात केला आणि पाहुण्यांना सांगितलं, "हे मास्तर. आमच्या ह्यांच्यासाठी मास्तरांनी परदेशात पत्रं लिवली. सख्खा भाऊ करणार नाय तेवढं केलं." लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. काहींनी हात जोडले. मीही जोडले.

मी एकटा होतो, मला कोणी विचारत नव्हतं, असं मी वर लिहिलं आहे. ते खरं आहे, पण त्याने काही हलत नाही. जनाही दिवसभर लेथच्या आवाजात एकटाच होता, आणि त्याने कोणाचं काही लपवलं नाही. या लिखाणाने त्याचं काम त्याला परत मिळणार नाही, हे मला कळतं. क्षमा करू शकला असता तो एकच माणूस होता, आणि त्याला मी संधी दिली नाही.

आता मी निवृत्त आहे. कोळीवाड्यातल्या त्या घरी महिन्यातून एकदा मला जेवायला बोलावतात. वहिनी स्वतः वाढते. जनाच्या जागेवर मला बसवतात, आणि मी बसतो.